तेल जिरवायचं असतं

साताऱ्याहून महाबळेश्वरला जाणाऱ्या एसटीत मी 22 वर्षं कंडक्टर होते. पसरणी घाटाच्या वळणांवर एका हाताने दांडी धरायची, दुसऱ्याने तिकीट द्यायचं आणि सगळा भार पायांवर घ्यायचा. चाळिशीत पोटऱ्यांना रात्री असे गोळे यायचे की झोपेतून उठून बसावं लागायचं. तेव्हा सासूबाईंनी मला रोज अंगाला तेल लावायची सवय लावली. त्या गावात बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ-माखू घालायच्या. "दिवाळीत एकदा अभ्यंग करून वर्षभराचं भागत नाही गं," म्हणायच्या.

तेल तिळाचं घ्या, शक्यतो लाकडी घाण्यावरचं. आपल्याकडची थंडी कोरडी, डिसेंबरात पहाटेचं वारं सुटलं की कातडी तडतडते, तेव्हा तिळाचंच बरं. एप्रिल-मे महिन्यात मी खोबरेल वापरते. गुडघे धरलेले असतील तर तेवढ्यापुरतं नारायण तेल, म्हणजे सांध्यांसाठीचं आयुर्वेदिक औषधी तेल. भाजलेल्या तिळाचं, गडद रंगाचं तेल मिळतं ते मात्र स्वयंपाकाचं. ते अंगाला नको.

एका माणसाला अर्धी लहान वाटी, म्हणजे साधारण 30 मिली, पुरे होतं. गॅसवर थेट तापवू नका. भांड्यात कडक पाणी घ्या, त्यात तेलाची वाटी पाच मिनिटं ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. सुखद ऊब लागली पाहिजे, चटका नको.

वेळ सकाळची, पोट साफ झाल्यावर आणि काही खाण्याआधी. माझी पहिली ड्युटी असली की साडेचारला उठायचे, चूल-चहाच्या आधी हेच. जुना पंचा खाली अंथरून स्टुलावर बसा.

सुरुवात टाळूपासून. बोटांच्या पेरांनी, नखं न लावता. मग कपाळ, कानांच्या पाळ्या आणि कानांमागची जागा. कानात तेल घालू नका. कान फुटलेला किंवा दुखत असेल तर मुळीच नाही. मान, खांदे, मग हात. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या : लांब हाडांवर हात लांबसडक फिरवायचा, सांध्यांवर गोल. दंडावर वरखाली, कोपरावर गोल, मनगटावर गोल. छातीवर हलका हात, पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पाठीला हात पोहोचतो तेवढंच.

पायांना मात्र घाई करू नका. मांडीवर लांब हात, गुडघ्याच्या वाटीभोवती दोन्ही तळव्यांनी गोल, मग पोटऱ्या अंगठ्यांनी खालून वर दाबत. शेवटी तळपाय, टाचेपासून बोटांकडे, आणि बोटांच्या बेचक्यातही. सगळ्या अंगाला दहा-पंधरा मिनिटं लागली तर त्यातली पाच पायांची. सासूबाई माझ्या हाताकडे बघून म्हणायच्या, "चोळू नकोस, जिरव." जोर लावून रगडलं की कातडी लाल होते आणि तेल वरच राहतं. हात सावकाश आणि वजनदार ठेवला की ते मुरतं.

वेळच नसेल, तर टाळू, कान आणि तळपाय एवढं तरी करा. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही डोकं, कान आणि पाय यांनाच विशेष तेल लावायला सांगितलंय. त्यातच कफ झालेल्याने आणि अजीर्ण असलेल्याने अभ्यंग टाळावा, असंही म्हटलंय. मी त्यात ताप, उघडी जखम आणि अंगावरची पुरळ घालते. एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम लागत असेल, दुखत असेल, तर तिला हात लावू नका, आधी डॉक्टरांकडे जा. रक्ताची गाठ असू शकते. गरोदर बायकांनीही आधी विचारून घ्यावं.

तेल लावून पंधरा-वीस मिनिटं थांबा, तेवढ्यात मी कणीक भिजवते. मग आंघोळ. अंगावर गरम पाणी चालेल, डोक्यावरून मात्र कोमटच घ्या, केसांना आणि डोळ्यांना जपायला. साबणाऐवजी दोन चमचे डाळीचं पीठ पाण्यात कालवून लावा. ते वरचं तेल उचलतं, पण कातडी कोरडी करत नाही.

आणि मोरीत जपा. एकदा तेलकट पायांनी मी फरशीवर घसरले, मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये होतं. तेव्हापासून आत पाऊल टाकण्याआधी दोन्ही तळपाय पंचाला खसखसून पुसते आणि आत रबरी पायपुसणं ठेवते. वयस्कर माणसांनी भिंतीला धरायची दांडी बसवून घ्यावी. आंघोळ झाल्यावर फरशीवर पीठ भुरभुरून झाडूने घासा, नाहीतर पुढचा माणूस घसरेल.

पंचा वेगळाच ठेवा आणि आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजत घाला. नाहीतर त्याला खवट वास धरतो, आणि तो वास मग कशानेही जात नाही.