गुदाशयाच्या कॅन्सरचं रेडिएशन : प्लॅनिंग स्कॅनच्या वेळी या चुका टाळा

"सीटी महिन्यापूर्वीच काढलाय, परत कशाला?" आमच्या सिम्युलेशनच्या, म्हणजे रेडिएशनची आखणी करायला सीटी काढतात त्या, खोलीबाहेर हा प्रश्न रोज येतो. आधीचा सीटी आजार कुठवर पोचलाय ते बघायला होता, आणि तो खोलगट टेबलावर निघतो. प्लॅनिंगचा निघतो सपाट, टणक टेबलावर, कारण रेडिएशनच्या मशीनचं टेबलही तसंच असतं. त्या दिवशी अंग ज्या ठेवणीत असेल, त्याच ठेवणीत पुढे रोज झोपायचंय.

सगळ्यात मोठा घोळ लघवीच्या पिशवीचा. आमच्याकडे आधी लघवी करून यायला सांगतात, मग अर्धा लिटर पाणी आणि पाऊण तास थांबणं. भरलेली पिशवी लहान आतड्याला वर, रेडिएशनच्या वाटेबाहेर ढकलते. एक काका रात्रभर एसटीने आले होते. वाटेत उतरावं लागू नये म्हणून घोटभरही पाणी प्यायले नव्हते. पाऊण तासानंतर स्कॅनवर पिशवी दिसली लिंबाएवढी! आदल्या दिवसापासून नीट पाणी पीत राहा.

उलट टोकाचेही भेटतात. लिटरभर पिऊन, घाम फुटेस्तोवर धरून ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत पिशवी चुरचुरायला लागते, मग तेवढी लघवी धरवत नाही आणि आतडं परत खाली उतरतं. म्हणून रोज जमेल एवढीच भरा. 28 बैठकांत 50.4 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) देतात तिथे एखादा दिवस चुकला तर थोडंफार सांभाळून घेता येतं; 5 दिवसांत 25 ग्रे असेल, तर एक दिवस म्हणजे पाचवा हिस्सा.

गॅसचंही तसंच. आदल्या रात्री वाटाण्याची उसळ नको. गुदाशय फुगलेला दिसला तर आम्ही उठवतो, संडासला जाऊन यायला सांगतो आणि पुन्हा स्कॅन करतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

एमआरआयची फिल्म आणतात, सीडी घरी. फिल्म संगणकात घालून सीटीवर बसवता येत नाही. गाठ मेसोरेक्टमच्या, म्हणजे गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या, आवरणापासून 1 मिलिमीटरच्या आत आली आहे का, हे एमआरआयच नीट सांगतो. केमो आधी झाली असेल तर केमोपूर्वीचा एमआरआयही आणा. गाठ आटली तरी आखणी करताना ती मुळात कुठवर होती ते बघावंच लागतं. आणि एक चूक आमच्या बाजूची: दोन्ही स्कॅनमधली हाडं जुळली की काम झालं असं वाटतं. एमआरआयच्या दिवशी गुदाशय रिकामा आणि सीटीच्या दिवशी फुगलेला असेल, तर हाडं जुळूनही गाठ सरकलेलीच असते.

कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅन स्पष्ट दिसावा म्हणून शिरेतून द्यायचं औषध, देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट जवळ ठेवा.

शेवटी, रोज त्याच ठेवणीत झोपवता यावं म्हणून प्लॅनिंगच्या वेळी अंगावर केलेल्या खुणा. दिवाळीत एकांनी उटणं लावून त्या साफ धुऊन टाकल्या, वर अंदाजाने पेनने गिरवूनही आणल्या. खूण फिकी पडली तर हात लावू नका, सरळ तंत्रज्ञाला सांगा.