अजगराला उंदीर केवढा द्यायचा?

कोल्हापुरात ज्यांच्या घरी रीतसर नोंदणी केलेला बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आहे, त्यांच्यासाठी. (आपला देशी अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. तो उसात दिसला तर वन विभागालाच कळवा.)

तोंड किती उघडतं यावर भक्ष्य ठरवू नका. अंगाचा सगळ्यात जाड भाग बघा. उंदीर साधारण तेवढ्याच जाडीचा हवा, फार तर किंचित जास्त. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर खात्री करा. पिल्लाला वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे २०० ग्रॅमच्या पिल्लाला २० ते ३० ग्रॅमचा उंदीर, आठवड्यातून एकदा. मोठ्याला ५ टक्क्यांच्या आसपास, तेही दोन-तीन आठवड्यांनी. मोठा झालेला बॉल पायथन फार लवकर लठ्ठ होतो, म्हणून इथे हात आखडताच ठेवा.

गिळल्यावर पोटाशी हलका फुगवटा दिसावा. कातडी ताणून खवल्यांमधली त्वचा दिसायला लागली, तर पुढचा उंदीर लहान घ्या. भक्ष्य उलटून टाकलं तर निदान दहा-बारा दिवस काहीच देऊ नका, नंतर अगदी छोट्यापासून सुरुवात करा. पुन्हा तसंच झालं तर पशुवैद्यक गाठा.

थंडीत विशेष सांभाळा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलाच गारठा असतो आणि पेटीची उबदार बाजू ३१-३२ अंशांवर नसेल तर योग्य मापाचा उंदीरही पचत नाही. खाल्ल्यानंतर दोन दिवस त्याला हातात घेऊ नका.

जिवंत उंदीर मात्र कधीच सोडू नका, तो अजगराला चावून मोठी जखम करतो.