बहुमत दिलं, आता हिशेब कसा मागायचा

23 नोव्हेंबर 2024 ला महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला आणि 288 पैकी 230 जागा महायुतीला मिळाल्या. भाजप 132, शिंदेंची शिवसेना 57, अजित पवारांची राष्ट्रवादी 41. बहुमताला 145 पुरतात. विरोधी बाजूच्या एकाही पक्षाला 29 जागा मिळाल्या नाहीत. सभागृहाच्या एक दशांश सदस्यांच्या प्रथेनुसार विरोधी पक्षनेतेपदासाठी तेवढ्या लागतात. सभागृहातून प्रश्न विचारणारी माणसं कमी झाली, तर ते काम बाहेर बसलेल्या मतदाराकडे येतं. ते कसं करायचं, हे मी इथे लिहिते आहे.

माझी सगळी नोकरी जिल्हा नियोजन कार्यालयाच्या लेखा शाखेत गेली. घोषणा पेपरात येते ती एक गोष्ट आणि तिचा पैसा कोषागारातून निघतो ती दुसरी. मधल्या वाटेवर कुठे काय अडतं, हे मी टेबलावर बसून पाहिलं आहे. निवृत्त झाल्यापासून गावातल्या बायका आणि शेतकरी विचारायला येतात, त्यांना जे सांगते तेच इथे आहे. तुम्ही मत कोणालाही दिलेलं असो, हिशेब मागायचा हक्क सारखाच आहे. सरकार सगळ्यांचं असतं आणि पैसाही सगळ्यांचा.

आधी अपेक्षा नीट लिहून काढा

एक वही घ्या. मोबाइलवरही चालेल, पण घरातल्या इतरांनाही बघता येते म्हणून मला वही बरी वाटते. "विकास व्हावा", "शेतकऱ्याला न्याय मिळावा" असलं काही तिच्यात लिहू नका. त्याचा हिशेब कोणालाच देता येत नाही आणि मागताही येत नाही. रक्कम, ठिकाण, मुदत यांपैकी निदान दोन गोष्टी असतील तेवढंच लिहा.

5 नोव्हेंबर 2024 ला कोल्हापूरच्या सभेत महायुतीने दहा वचनं जाहीर केली. लाडक्या बहिणींना 1500 चे 2100, शेतकऱ्यांना कर्जमाफी, शेतकरी सन्मान योजनेचे 12 हजारांवरून 15 हजार, वृद्धांचं मानधन 2100, 45 हजार गावांत पाणंद रस्ते (शेतात जायच्या वाटा), अंगणवाडी आणि आशा सेविकांना महिना 15 हजार, वीजबिलात 30 टक्के कपात, अशी ती यादी होती. यातली जी तुमच्या घराला आणि गावाला लागतात तेवढीच वहीत उतरवा. दहाच्या दहा धरून बसलात तर एकाचाही पाठपुरावा होणार नाही.

उदाहरणार्थ, पाणंदीबद्दल "रस्ता व्हावा" असं न लिहिता "अमुक गटापासून ओढ्यापर्यंतची पाणंद, पावसाळ्यापूर्वी खडीकरण" असं लिहा. गटनंबर सातबाऱ्यावरून आणि गावनकाशावरून घ्या. रस्ता अडवलेला असेल तर ती वेगळी बाब, त्यासाठी तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली अर्ज लागतो. दोन्ही गोष्टी एका अर्जात घातल्या की दोन्ही अडकतात.

प्रत्येक वचनापुढे ते कोणाच्या हातात आहे, तेही लिहा. सोयाबीनचा हमीभाव केंद्र ठरवतं, खरेदी केंद्रं चालवण्यात राज्याचा हात असतो, आणि बाजार समितीतलं वजनमाप समितीकडे असतं. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात त्याहून बराच कमी दर मिळत होता. त्या वेळी शेतकरी आमदाराकडे हमीभाव वाढवून मागत होते, जे आमदाराच्या हातात नव्हतंच. केंद्र वेळेवर सुरू होणं, बारदाना असणं, ओलाव्याच्या नावाखाली माल परत न पाठवणं, हे मात्र राज्याकडून मागता येत होतं. तेच मागायला हवं होतं.

जाहीरनामा मोडला म्हणून कोर्टात जायचा विचार काही जण करतात. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं की जाहीरनाम्यातली आश्वासनं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट आचार ठरत नाही. त्यानंतर निवडणूक आयोगाने पक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आश्वासनाचा पैसा कुठून येणार हे ढोबळपणे सांगा, असं त्यांत आहे. म्हणजे कोर्टापेक्षा पैशाचा माग काढणं हाच खरा रस्ता.

पैसा कुठे आहे ते बघा

माझ्या मते वचनाची खरी परीक्षा अर्थसंकल्पाच्या दिवशी होते. भाषण ऐका, पण भाषणावर थांबू नका. त्या योजनेच्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या खात्याखाली, किती रक्कम ठेवली आहे, ते पाहा. कागदपत्रं वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत असतात.

लाडक्या बहिणीचंच बघू. 10 मार्च 2025 ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी 2025-26 चा अर्थसंकल्प मांडला. योजनेसाठी 36 हजार कोटींची तरतूद होती. आधीच्या वर्षी योजना जाहीर करताना 46 हजार कोटी सांगितले होते. आता साधा गुणाकार करा. महिना 1500 म्हणजे वर्षाला 18 हजार. 36 हजार कोटींना 18 हजारांनी भागलं तर बरोबर दोन कोटी बायका येतात. लाभार्थी त्या वेळी दोन कोटींहून जास्त होत्या, हे सरकारच सांगत होतं. महिना 2100 दिले तर वर्षाचे 25 हजार 200 होतात, आणि तेवढ्याच तरतुदीत जेमतेम एक कोटी 43 लाख बायकांना पुरतात.

शेजारच्या वहिनी त्या संध्याकाळी विचारायला आल्या, "ताई, 2100 कधीपासून येणार?" मी हाच हिशेब त्यांच्या समोर मांडला. त्या वर्षी वाढ बसणार नाही हे अर्थसंकल्पाच्या पुस्तकातच लिहिलेलं होतं, आणि 1500 वर राहूनही एक तर नावं कमी होणार किंवा पुरवणी मागणी (वर्षाच्या मधेच जादा पैशाची मागणी) येणार. वहिनींनी कागद स्वतःकडे ठेवून घेतला आणि आधार व बँकखातं जोडलेलं आहे का, ते दुसऱ्याच दिवशी बघून आल्या. पुढे सप्टेंबरपासून ई-केवायसी सुरू झालं तेव्हा त्यांची धावपळ झाली नाही. हिशेब आधी कळला की माणूस आशेवर ताटकळत बसत नाही. माझ्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट आहे. ज्या बाईचं महिन्याचं किराण्याचं गणित या पैशावर बसलेलं असतं, तिला खरं काय ते वेळेवर कळायलाच हवं.

अर्थसंकल्पात रक्कम दिसली म्हणजे काम झालं, असंही नाही. त्यापुढे शासन निर्णय निघतो, ज्याला सगळे जीआर म्हणतात. राज्याच्या जीआरच्या संकेतस्थळावर विभाग निवडून शोधता येतो. जीआर वाचताना वरची प्रस्तावना सोडून द्या, तिच्यात सगळं गोडच असतं. "शासन निर्णय" या शब्दाखालचे मुद्दे वाचा. पात्रता कोणाची, कोण वगळले, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, वित्त विभागाची सहमती आहे का, हे चार मुद्दे तिथे असतात. "तत्त्वतः मान्यता", "प्रशासकीय मान्यता" आणि "निधी वितरित करण्यास मान्यता" हे तीन वेगळे टप्पे आहेत. पहिल्या दोन्हींत एक रुपयाही हलत नाही. गावात फलक लागतात ते बहुधा दुसऱ्या टप्प्यावर, आणि लोकांना वाटतं पैसे आले.

वेळ किती लागतो, याचा अंदाज जुन्या उदाहरणांवरून घ्या. 2019 मध्ये नवं सरकार 28 नोव्हेंबरला आलं आणि दोन लाखांपर्यंतच्या कर्जमुक्तीचा जीआर 27 डिसेंबरला निघाला. म्हणजे ठरवलं तर महिनाभर पुरतो. त्याच योजनेत नियमित कर्ज फेडणाऱ्यांना 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन देऊ, असं 2020 च्या अर्थसंकल्पात सांगितलं. मधे कोरोना आला, सरकार बदललं, आणि ते पैसे खात्यावर पडायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. प्रामाणिकपणे हप्ता भरणाऱ्याला इतकी वाट बघायला लावणं मला आजही सहन होत नाही.

2024 च्या वचनातल्या कर्जमाफीबाबत वहीत तारखा लिहा. निवडणुकीत वचन, मार्च 2025 मध्ये अजित पवारांचं "31 मार्चपर्यंत पीककर्ज भरा", आणि शेतकऱ्यांच्या नागपूरच्या आंदोलनानंतर ऑक्टोबर 2025 मध्ये मुख्यमंत्र्यांनी दिलेली 30 जून 2026 ही निर्णयाची तारीख. तिन्ही एकाखाली एक लिहिल्या की प्रश्न आपोआप तयार होतो.

आमदाराकडे काय मागायचं

आमदार भेटला की लोक सभामंडप आणि हायमास्ट दिवे मागतात. आमदाराच्या स्थानिक विकास निधीतून ते होतं, वर्षाला पाच कोटी असतात. पण त्याला निवडून दिलंय विधानसभेत बसायला. तुमचा प्रश्न तिथे मांडायला सांगा.

सत्ताधारी आमदार म्हणतो, "मी सरकारविरुद्ध कसा बोलू?" विधेयकावर मतदानाच्या वेळी त्याला पक्षादेश पाळावा लागतो, नाही तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली (पक्षांतरबंदी कायदा) सदस्यत्व जातं, हे खरं. पण तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो) विचारायला, लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी) द्यायला, पुरवणी मागण्यांवर बोलायला कोणताही पक्षादेश आडवा येत नाही. सत्ताधारी आमदारही प्रश्न विचारतातच. एवढं तुम्हाला माहीत आहे हे त्याच्या लक्षात आलं की बोलण्याची तऱ्हा बदलते.

अधिवेशनं तीन: मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पीय आणि पुढे पावसाळी, दोन्ही मुंबईत, आणि डिसेंबरात नागपुरात हिवाळी. प्रश्न बरेच आधी द्यावे लागतात, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाल्यावर पळापळ करू नका, दोन महिने आधी भेटा. पत्र एकाच पानाचं ठेवा. त्यात जीआरचा क्रमांक आणि दिनांक, तालुक्यातली वस्तुस्थिती, आणि शेवटी प्रश्न तुम्हीच घडवून द्या: "अमुक तालुक्यात या योजनेखाली किती पाणंद रस्ते मंजूर झाले, किती पूर्ण झाले, किती निधी वितरित झाला, हे खरे आहे काय, असल्यास विलंबाची कारणे काय आहेत?" विधानमंडळातल्या प्रश्नांची भाषा अशीच असते. आमदाराच्या स्वीय सहायकाचं काम हलकं झालं की तुमचं पत्र फायलीच्या तळाला जात नाही. पोच घ्या, सही आणि तारखेसकट.

मंत्र्याने सभागृहात "करू", "तपासून कारवाई करू" असं म्हटलं तर त्याला वजन असतं. अशा आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. सभेतल्या माईकवरचं वचन तिच्याकडे जात नाही, सभागृहातलं जातं. म्हणून तुमचा प्रश्न सभागृहापर्यंत न्यायचा.

मोठ्या बहुमतात विधेयकं झटपट मंजूर होण्याची भीती असते. डिसेंबर 2024 मध्ये मांडलेलं जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून 12 हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि सुधारणा होऊन जुलै 2025 मध्ये ते मंजूर झालं. अंतिम मजकूर सगळ्यांना पटला असं नाही, पण हा दरवाजा उघडा असतो. सूचना-हरकतींची जाहिरात पेपरात छोट्या अक्षरांत येते, तिच्यावर नजर ठेवा. हरकत कलमाचा क्रमांक देऊन लिहा. नुसता निषेध समितीच्या टिपणीत एका ओळीत संपतो.

उत्तर आलं नाही तर

माहितीचा अधिकार वापरा, पण नेमका. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "रस्ता का झाला नाही?" असं विचारू नका, "का"चं उत्तर देणं जनमाहिती अधिकाऱ्याला टाळता येतं. कागद मागा: प्रशासकीय मान्यतेची प्रत, निधी वितरणाचे आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, देयकाची प्रत. टेबलावर बसून सांगते, नेमका कागद मागणारा अर्ज टोलवता येत नाही, आणि मोघम अर्ज टोलवायला पाच मिनिटं लागत नाहीत.

जिल्ह्याच्या कामांसाठी अर्ज जिल्हा नियोजन अधिकाऱ्याच्या कार्यालयात करा. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन समितीची बैठक होते, तिचं इतिवृत्त मागा. जानेवारीनंतर खर्चाचा तक्ता मागितलात तर फार काही कळतं, कारण वर्षभर पडून राहिलेला पैसा मार्चअखेर घाईघाईने संपवला जातो आणि त्या घाईत तुमच्या गावाचं काम मागे पडू शकतं. पण डिसेंबरातच विचारलंत तर अजून काही करता येतं.

उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे 20 रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील करा. बहुतेक लोक इथे सोडून देतात. सोडू नका, सुनावणीचं पत्र निघालं की कागद बऱ्याचदा सुनावणीच्या आधीच पोस्टाने घरी येतो. आलेला कागद ग्रामसभेत वाचून दाखवा, त्यावर ठराव घ्या, आणि ठरावाची प्रत जोडून पुढच्या अधिवेशनासाठीचं पत्र लिहायला घ्या.