ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बाईची तपासणी चुकू नये म्हणून

हे टिपण आशाताई, अंगणवाडीताई आणि टोळीबरोबर जाणाऱ्या घरच्या माणसांसाठी आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. सरकारी वेळापत्रकात किमान चार तपासण्या आहेत: १२ आठवड्यांच्या आत, १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर. त्यातली एखादी-दुसरी फडावर (ऊसतोड चालू असलेल्या शेतावर) असतानाच येणार, हे धरूनच तयारी करा.

बाई येत नाही याचा दोष तिच्या अडाणीपणावर टाकू नका. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे एकत्र तोड करणारं नवरा-बायकोचं जोडपं. ती एक दिवस थांबली तर दोघांची तोड बुडते आणि वर खाडा (कामावर न गेलेल्या दिवसाचा दंड) लागतो. उचल (मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून मिळालेली आगाऊ मजुरी) आधीच घेऊन खर्च झालेली असते, म्हणजे खाडा थेट कर्जात जातो. तपासणी फुकट असली तरी तो दिवस फुकट नसतो. म्हणून नुसतं तिला सांगून भागत नाही. नवऱ्याशी आणि मुकादमाशी बोलून तपासणीच्या दिवसाचा खाडा लावायचा नाही, हे गावातून निघण्याआधीच ठरवून घ्या. फडावर गेल्यावर हे बोलणं होत नाही.

उचल घेतलेल्या प्रत्येक घरी जाऊन शेवटच्या पाळीची तारीख विचारा. पहिले तीन महिने दिवस गेल्याचं बोलायचं नाही अशी रीत अनेक घरांत असते, तेव्हा बाईला एकटीला गाठून विचारा. पाळी चुकली असेल तर निश्चय किटवर (लघवीवरून दिवस गेलेत का ते सांगणारी सरकारी किट) लगेच कळतं. निघण्याआधी उपकेंद्रात नोंदणी, वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी, रक्तगट, एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी, टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) पहिलं इंजेक्शन एवढं उरकून घ्या. दुसरं इंजेक्शन चार आठवड्यांनी. ती तारीख कार्डावर ठळक लिहा, कारण ते बहुतेक परमुलखात घ्यावं लागणार.

माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगा. कोपीत (फडावरच्या झोपडीत) पाणी शिरलं की कागद जातो, म्हणून प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्येही हवा.

गोळ्यांचा साठा सिस्टरकडून जास्तीचा मागून घ्या. चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक आणि कॅल्शियमच्या रोज दोन. इथे हमखास चूक होते. पहाटे तोडीला निघताना चहाबरोबर लोहाची गोळी घेतली जाते आणि चहामुळे ती नीट अंगी लागत नाही. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर, कॅल्शियमच्या सकाळी आणि दुपारी खाल्ल्यावर. दोन्ही एकत्र नकोत. शौचाला काळं होतं, मळमळतं, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर ती घाबरते आणि गोळ्या उसात जातात.

फडावर पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या आशाताईचा नंबर मिळवा. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. एकच खाडा पत्करायचा तर तो याच दिवशी, कारण डॉक्टर आणि तपासण्या एका खेपेत होतात. ‘तुमची नोंदणी दुसऱ्या गावची’ म्हणून कुणी परत पाठवलं तर कार्डावरचा आरसीएच नंबर (गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा नंबर) दाखवा. सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी त्या गावचं रहिवासी असावं लागत नाही.

मुलगी १८ वर्षांखालची असेल तर घरचे पोलिसांच्या भीतीने तिला दवाखान्यापासून लांब ठेवतात. दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं, हे खरं आहे, ते लपवू नका. पण त्यामुळे उपचार नाकारता येत नाहीत. याच वयात रक्त कमी असण्याचा आणि बीपी वाढण्याचा धोका जास्त, म्हणून तिचं खरं वय डॉक्टरांना कळायलाच हवं.

पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात फडावरून थेट माहेरी जाते आणि शेवटची तपासणी नेमकी तिथे निसटते. ती निघाली की माहेरच्या आशाताईला फोन करा, कार्ड तिच्याबरोबरच पाठवा. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न पाहता १०८ ला फोन लावा.