जुन्या निळ्या अमेरिकन ताटल्या घेताना या चुका टाळा

ताटली हातात आली की आधी ती पालथी करा. पेनसिल्वेनियातल्या जुन्या बाजारांत फिरत पंधरा वर्षं मी हेच सांगतेय, तरी दर महिन्याला कुणीतरी पुढच्या बाजूचा एकच फोटो पाठवून विचारतं, "काकू, यावर १८२४ लिहिलंय. तेव्हाचीच ना?"

ते साल चित्रातल्या प्रसंगाचं असतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला फ्रेंच जनरल लाफायेत १६ ऑगस्ट १८२४ ला न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनला उतरला. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या क्लूज बंधूंनी तो प्रसंग गडद निळ्या रंगात छापून अमेरिकन गिऱ्हाइकांना विकला. असे देशप्रेमाचे प्रसंग पुढेही छापले जात राहिले. १९७६ साली, अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या सुमारास, 'लिबर्टी ब्लू' नावाचे सेट अमेरिकेत किराणा दुकानांतून मिळायचे, जेवणाच्या ताटलीवर फिलाडेल्फियातल्या इंडिपेन्डन्स हॉलचं चित्र. तेही इंग्लंडमध्येच बनलेले. छान आहेत, रोज वापरावेत असे. पण १८२० च्या दशकातला माल म्हणून त्यांना पैसे मोजलेले पाहिले की माझा जीव तुटतो.

पाठीमागे 'इंग्लंड' छापलं असेल तर माल बहुधा १८९१ नंतरचा, कारण तेव्हापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. क्लूजचा शिक्का शाईचा नसतो. कच्च्या मातीत दाबलेला मुकुट आणि गोलाकार अक्षरं असतात, बोटाला लागतात. त्यांचा कारखाना १८३४ च्या सुमारास बुडाला. शिक्का नसेल तर काठ बघा. जुन्या मालात नक्षी आधी कागदावर छापून ते कागद तुकडे जोडून ताटलीवर चिकटवायचे, त्यामुळे कुठेतरी फूल अर्धं कापलेलं सापडतं. मी तो सांधा सापडेपर्यंत ताटली फिरवत राहते. विक्रेता कंटाळला तरी चालेल.

आता ब्लीच. मैत्रिणीच्या मुलाने क्लूजची फार सुंदर ताटली मिळवली होती, काठावर फितीत पंधरा अमेरिकन राज्यांची नावं असलेली. एका कडेला तपकिरी डाग. मी म्हटलं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेव, रोज पाणी बदल. त्याला चार दिवस धीर धरवला नाही. कपड्यांच्या ब्लीचमध्ये दोन रात्री बुडवली, पांढरीशुभ्र निघाली, फोटो आला. तीन आठवड्यांनी दुसरा फोटो. बुडाशी पिठासारखी पांढरी पावडर, आणि काठावरच्या 'व्हर्माँट' या नावावरची झिलई नखाएवढी उचललेली, खालच्या निळ्या अक्षरांसकट.

ही माती पाणी पिते. झिलईला बारीक जाळीदार तडे असतात, त्यांतून ब्लीच आत जातं, आणि वाळताना त्यातले क्षार फुगून झिलईला आतून ढकलतात. मग महिनाभर आम्ही ती पाण्यात ठेवून क्षार काढत बसलो. पडझड थांबली, गेलेली अक्षरं गेलीच. माझा नेम ठरलेला आहे. आठवडाभर डिस्टिल्ड वॉटर, दोन आठवडे सावलीत वाळवण. त्यावरही डाग राहिला तर राहू दे. दोनशे वर्षं कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर होती ती.

दुरुस्ती लपवलेली असते. ताटली बोटांच्या टोकांवर तोलून नखाने टिचकी मारा. धडधाकट असेल तर टणकन वाजते, बद्द वाजली तर तडा शोधा. रंग मारून बुजवलेला टवका अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली वेगळा चमकतो. दहा-पंधरा डॉलरची टॉर्च घ्यायचा कंटाळा करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

भिंतीवर टांगायला स्प्रिंगचे हँगर नकोत, काठाचे टवके उडतात. डिशवॉशर नाही. जुन्या झिलईत शिसं असतं, म्हणून यात जेवण वाढू नका, लिंबाचं लोणचं तर नाहीच. किंमत ठरवताना मागितलेले भाव सोडा, लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्यांचे बघा. आणि पार्सल करताना ताटल्या आडव्या रचू नका. प्रत्येक वेगळी गुंडाळून उभी ठेवा.