घरच्या घरी मोइन मोइन कसं करायचं

नायजेरियाच्या नैऋत्येकडे योरुबा लोकांच्या घरी पाहुणे जमले की ताटात जोलोफ भातासोबत, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या वाटणात शिजवलेल्या लाल भातासोबत, मोइन मोइन हमखास दिसतं. चवळीच्या वाटणात लाल मिरची, कांदा आणि तेल घालून ते वाफवायचं, इतकंच. केशरी रंगाचा, नरम, चमच्यानं सहज तुटणारा हा पदार्थ आहे. जगात सर्वांत जास्त चवळी नायजेरियात पिकते आणि तिथल्या चवळीच्या पदार्थांत मला हा सगळ्यांत आवडतो.

चार जणांसाठी ३०० ग्रॅम पांढरी, काळ्या डोळ्याची चवळी घ्या. त्याला दोन लाल ढोबळी मिरच्या, एक मोठा कांदा, अर्धी वाटी तेल आणि मीठ. तिखटासाठी तिथे ‘आता रोदो’ ही गुबगुबीत, सुवासिक आणि जहाल मिरची वापरतात. ती नसेल तर दोन-तीन लवंगी मिरच्या घाला. तिखटपणा येईल, तो सुवास मात्र येणार नाही. नायजेरियन स्वयंपाकात ज्याला क्रेफिश म्हणतात ती वाळवलेली बारीक कोळंबीच असते, त्यामुळे भाजून कुटलेला दोन चमचे जवळा इथे चपखल बसतो. शाकाहारी असाल तर तो सोडून द्या.

खरं काम सालं काढण्याचं. ते टाळू नका. सालासकट वाटलं तर रंग मळकट येतो आणि वाटण जिभेला खरखरीत लागतं. कडधान्य रात्रभर भिजवायची आपली सवय इथे आड येते, कारण दाणा फुगला की साल ताणून घट्ट बसते. चवळी १०-१५ मिनिटंच भिजवा. साल सुरकुतलेली दिसली की मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून दोन-तीन वेळा नुसतं सुरू-बंद करा, म्हणजे दाणे फुटतील. मग मोठ्या पातेल्यात ओतून दोन्ही हातांनी चोळा. सालं वर तरंगतात. ती पाण्याबरोबर ओतून द्या, नवं पाणी घ्या, पुन्हा चोळा. पाच-सहा पाण्यांनंतर पांढरी डाळ उरेल. ती तासभर भिजत ठेवा.

आता डाळ, मिरच्या आणि कांदा थोडं थोडं पाणी घालत अगदी गुळगुळीत वाटा. बोटांत चोळून बघा, कण लागला तर पुन्हा फिरवा. तेल, मीठ, जवळा आणि कोमट पाणी किंवा चिकनचं सूप घालून धिरड्याच्या पिठाइतकं सरसरीत करा. सगळं मिळून साधारण ४०० मिलिलिटर पाणी लागतं. शेवटी पाच मिनिटं जोरात फेटा. हवा शिरली की मोइन मोइन हलकं होतं, नाहीतर त्याचा दगड होतो.

तिथे हे ‘एवे एरान’ नावाच्या रुंद पानांच्या द्रोणात भरतात आणि त्याच पानांचे देठ पातेल्याच्या तळाशी अंथरून वर पुड्या रचतात. ती पानं नसली की तिथेही केळीची पानं चालवून घेतात, तेव्हा आपण ती बेलाशक वापरावीत. पान विस्तवावरून फिरवून मऊ करा आणि दुहेरी घ्या, म्हणजे गळणार नाही. पुडी बांधायला जमत नसेल तर तेल लावलेल्या वाट्या घ्या, पण पानाचा वास वाटीत उतरत नाही. प्रत्येक वेळी ओतण्याआधी मिश्रण ढवळा, कारण जड भाग खाली बसतो. आत उकडलेल्या अंड्याची फोड, शिजवलेल्या बांगड्याचा तुकडा घाला. भरपूर जिन्नस घातलेल्या मोइन मोइनला योरुबात ‘एलेमी मेजे’, म्हणजे सात जिवांचं, असं म्हणतात.

झाकण लावून मध्यम आचेवर ४५ ते ६० मिनिटं वाफवा. पाणी आटलं तर गरमच पाणी घाला. सुरी खुपसल्यावर स्वच्छ बाहेर आली की झालं. गरम असताना ते जरा लिबलिबीत वाटेल. १५ मिनिटं थांबा, घट्ट होतं.

मक्याच्या आंबवलेल्या पिठाची ओगी ही पातळ पेज याच्यासोबत पितात. नाचणीच्या आंबिलीसोबतही मला हे फार आवडतं. आणि एक करा: वाटताना थोडी डाळ कमी पाण्यात घट्ट वाटून बाजूला ठेवा. फेटून, कांदा-मिरची घालून चमच्यानं गरम तेलात सोडलीत की अकारा तयार होतात, मोइन मोइन वाफेवर असेपर्यंत खायला.