लिस्बनमधली प्रेमकथा लिहायची तर

आधी कॅलेंडर काढा. आपली मे महिन्याची सुट्टी संपते तेव्हा कुठे लिस्बनचा उन्हाळा सुरू होतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात गोव्यातल्या फोंड्याच्या मुलीचं पहिलं चुंबन जूनमध्ये संध्याकाळी सातला, चांदण्यात झालं. तिथे राहून आलेल्या भाचीने ते वाचलं आणि म्हणाली, "मावशी, नऊ वाजेपर्यंत ऊन असतं गं तिथे." म्हटलं, बरं झालं. तिथे रात्रीचे नऊ म्हणजे इथे दीड. नायिकेची आई झोपलेली, याहून मोठी सोय कुठली?

मग मुदत ठरवा. युरोपच्या शेंगेन व्हिसावर नव्वदच दिवस मिळतात, पण त्याहून कडक मुदत चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची. आई दर फोनवर विचारते, "चवथीक येतलें न्हय?" तेवढं एक वाक्य कोकणीतच ठेवा.

भेट घडवताना मुलाला गाईड करू नका. मी केला होता, तो पानोपानी किल्ले दाखवत होता, ती नुसती "वा!" म्हणत होती. सगळं खोडलं. आता घरमालकीण खिडकीला जनेला म्हणते तेव्हा तिला आजीचं जनेल आठवतं, आणि कॅफेतला पोरगा बिलासाठी "केर पगार?" विचारतो तेव्हा ती गोरीमोरी होऊन सांगते की मी अजून शिकतेय, मला पगार नाही. पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे देणं. इथून पुढे दोघं आपापलं बोलतात, मला फार ढकलावं लागत नाही.

12 जूनची रात्र मात्र चुकवू नका. संत आंतोनियोच्या उत्सवात आल्फामा या लिस्बनच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत निखाऱ्यावर तारले (सार्डिन मासे) भाजतात. (गोव्यात तेव्हा मासेमारीबंदी, त्यामुळे तिचा जीव अर्धा तिथेच जातो.) प्रेमात पडलेले एकमेकांना मांजेरिकू देतात: बारीक पानांची, तुळशीच्या कुळातली कुंडी, वर कागदी फूल आणि चार ओळींची चिठ्ठी. तिला नाक लावून हुंगायचं नाही, तळवा फिरवून तळवा हुंगायचा. इथे घाई करू नका. मी या तळव्यावर तीन पानं खर्चली आहेत.

'तिला स्वतःचा शोध लागला' असं वाक्य आलं की पान फाडा. त्याऐवजी तो नसताना तिला काहीतरी करायला लावा. माझी नायिका अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये उलट्या दिशेने बसते, शेवटच्या थांब्यावर उतरते आणि कुणालाही फोन न करता चालत परत येते. पणजीलासुद्धा भावाशिवाय न गेलेली मुलगी आहे ती.

शेवटी लग्न लावायचा मोह होतो. मी तिला चवथीला घरी आणली. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधून झाल्यावर ती अंगणात येते, तुळशीवर तळवा फिरवते आणि हुंगते. आतून आई ओरडते, "तिन्हीसांजेला तुळशीला हात लावतात का गं?"

भाची विचारतेय, त्याचं पुढे काय झालं. मी अजून लिहिलेलं नाही.